सूड आणि दंड

परक्या मुलुखात रात्री शिरावे, ज्यांनी आपली माणसे मारली त्यांना मारून परत यावे, आणि सकाळी साऱ्या देशाने पेढे वाटावेत. अशा वेळी ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? पेढा घ्यावा, की नको म्हणावे? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु आमच्या उत्तर गोव्यातील, पेडणे-डिचोलीकडील लहानशा मंडळ्यांत तो २०१६ साली आला, २०१९ साली आला आणि २०२५ साली पुन्हा आला. तिन्ही वेळा मोठ्यांनी तो टाळला व मुलांनी विचारला. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना तर तो टाळताच येत नाही, कारण शत्रूंवर प्रीती करण्याची आज्ञा मुलांकडून पाठ करून घेणारे तेच असतात.

प्रथम काय घडले ते पाहू. १८ सप्टेंबर २०१६ रोजी पहाटे काश्मीरमधील उरी येथील लष्करी तळावर चार अतिरेक्यांनी हल्ला केला. १९ जवान गेले. कित्येक तर तंबूंना लागलेल्या आगीतच होरपळले. त्यांत सातारा, नाशिक, अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील मुले होती. अकरा दिवसांनी, २८ व २९ सप्टेंबरच्या मधल्या रात्री, सैन्याच्या निवडक विशेष तुकड्या नियंत्रण रेषा ओलांडून गेल्या आणि अतिरेकी जेथे जमले होते त्या तळांवर मारा करून परतल्या. पाकिस्तानने असे काही घडलेच नाही म्हणून सांगितले. नियंत्रण रेषा म्हणजे मान्य झालेली आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे, असे कायदेपंडित म्हणतील. पण त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१५ मध्ये, मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात १८ जवान मारले गेल्यावर म्यानमारच्या हद्दीवर जी कारवाई झाली, तेथे सीमा अगदी खरी होती. दोन्ही वेळी देशाचे संरक्षणमंत्री होते आपल्या म्हापशाकडचे मनोहर पर्रीकर. म्हणून गोव्याला या गोष्टीचा जरा अधिक अभिमान वाटला, आणि तो वाटणे स्वाभाविक होते.

त्या दिवशी लेफ्टनंट जनरल रणबीर सिंह यांनी सैन्यातर्फे जे निवेदन केले, ते आम्हांला आजही लक्ष देऊन वाचण्याजोगे वाटते. त्यात सूड हा सूर नव्हता. अतिरेकी घुसण्याच्या तयारीत होते, ते रोखण्यासाठी हे केले. पुढे चालू ठेवण्याचा विचार नाही. आणि पाकिस्तानच्या अधिकाऱ्यांस तसे कळविले आहे, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे शासनाची भाषा दंडाची व बंदोबस्ताची. रस्त्यावरची भाषा मात्र निराळी. तेथे ‘बदला’ हाच शब्द होता. एकाच कृत्याला दोन नावे पडली, आणि आमच्या मते ख्रिस्ती माणसाचा सारा प्रश्न या दोन नावांच्या मध्ये आहे.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे बारावे व तेरावे अध्याय आपण बहुधा वेगवेगळ्या रविवारी वाचतो. बाराव्याच्या शेवटी तो सांगतो की सूड तुमच्या हाती नाही, तो देवाकडे सोपवा, आणि शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाला. तेराव्याच्या आरंभी तोच पौल अधिकाऱ्याच्या हातातील तलवारीला देवाची सेवा म्हणतो. पुष्कळांना ही विसंगती वाटते. वस्तुतः पौलाने अध्याय पाडलेच नव्हते; ते पुष्कळ शतकांनी पाडले गेले. मूळ ग्रीक भाषेत जो सूड आपण घ्यावयाचा नाही, आणि जो अधिकारी वाईट करणाऱ्याला शासन करतो, या दोन्ही ठिकाणचे शब्द एकाच धातूपासून आले आहेत. म्हणजे सूड नाहीसा झाला असे पौल म्हणत नाही. तो आपल्या हातातून काढून घेतला आहे, आणि त्याचा एक मर्यादित वाटा राजसत्तेच्या हाती, देवाच्या देखरेखीखाली, ठेवला आहे. हे लिहिले तेव्हा रोमच्या गादीवर नेरो होता, हे ध्यानात असावे. पौल काही भोळेपणाने लिहीत नव्हता.

यातून जे निघते ते आम्हांला असे दिसते. सीमेवर तलवार चालविण्याचा अधिकार शासनाला असू शकेल. आनंद करण्याचा अधिकार मात्र त्यातून निघत नाही. न्यायाधीश फाशीची शिक्षा लिहितो, पण लिहून झाल्यावर कचेरीत पेढे वाटत नाही. ज्या क्षणी आपण नाचू लागतो त्या क्षणी दंडाचा सूड होतो, आणि जो हातातून काढून घेतला होता तो आपण मागच्या दाराने परत घेतलेला असतो. ‘शल्यक्रिया’ या अर्थाचे जे नाव या हल्ल्यांना पडले आहे त्याविषयीही हेच. शल्यवैद्य कापतो ते ज्याला कापतो त्याच्याच भल्यासाठी. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंना हे नाव मुळीच आवडत नाही.

येथे कोणी म्हणेल, तुम्हांला बोलायला काय जाते; ज्याचा मुलगा गेला त्याला विचारा. हे अगदी खरे आहे. त्या घरात जाऊन क्षमेचा उपदेश करू इच्छिणाऱ्याने आधी महिनाभर तेथे पाणी भरावे. आम्ही बोलतो आहोत ते ज्यांचे कोणीही गेले नाही त्यांच्याविषयी, म्हणजे तुमच्या-आमच्याविषयी.

पर्रीकर स्वतः या बाबतीत मोकळेपणाने बोलले होते. जून २०१७ च्या अखेरीस, ते पुन्हा गोव्याचे मुख्यमंत्री झालेले असताना, पणजीतील एका समारंभात त्यांनी सांगितले की २०१६ च्या कारवाईची तयारी पंधरा महिने आधी सुरू झाली होती. मणिपूरमधील घटना त्यांना सैन्याचा अपमान वाटली होती. आणि म्यानमारकडील कारवाईनंतर दूरदर्शनवर एका मुलाखतकाराने, हेच धैर्य पश्चिम सीमेवर दाखवाल काय, असे एका मंत्र्यास खोचकपणे विचारले, ते त्यांच्या मनाला लागले होते. राजकारणातील माणूस इतके प्रांजळ क्वचितच बोलतो, आणि त्याबद्दल आम्हांला आदरच वाटतो. पण त्यातून एक फरक स्पष्ट होतो. इजा ही एक गोष्ट आहे आणि अपमान ही दुसरी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने उजव्या गालाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. समोरचा मनुष्य उजव्या हाताने मारणार, तर उजव्या गालावर बसेल ती उलट्या हाताची चपराक. ती दुखापतीसाठी नसते, मान खाली घालविण्यासाठी असते. तेव्हा प्रभूने जी परतफेड मना केली ती नेमकी अपमानाची. उद्या घुसून माणसे मारणाऱ्याला आज रोखणे या वचनात मोडत नाही असे म्हणता येईल. ‘आमचे नाक कापले’ म्हणून जाणे मात्र नक्की मोडते. अडचण एवढीच की माणसाच्या मनात, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीतही, ही दोन कारणे एकाच ताटात वाढलेली असतात.

दावीदाच्या चरित्रात ती वेगळी झालेली दिसतात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील सत्ताविसावा आणि तिसावा हे दोन अध्याय शिक्षकांनी एकत्र वाचावेत. तिसाव्यात अमालेकी टोळी सिकलाग जाळून बायकामुले धरून नेते. दावीदाचे लोक त्यालाच दगडमार करायला उठतात, इतके ते संतापलेले असतात. तो थांबतो, एफोद मागवितो, जावे की नाही हे देवाला विचारतो. वाटेत शत्रूचा एक आजारी, टाकून दिलेला मिसरी दास सापडतो. त्याला भाकर, पाणी व अंजिरांची ढेप देऊन तो शुद्धीवर आणतो. मग मोहीम होते, आणि तिचे फळ म्हणजे धरून नेलेली सर्व माणसे परत मिळतात. हा झाला तिसावा अध्याय. सत्ताविसाव्यात तोच दावीद, त्याच सरहद्दीवर, तशाच स्वाऱ्या करतो. पण तेथे त्याने देवाला विचारल्याचा एक शब्द नाही, आणि बातमी फुटू नये म्हणून तो स्त्री-पुरुष कोणालाच जिवंत ठेवीत नाही. शास्त्र येथे त्याची निंदा करीत नाही, स्तुतीही करीत नाही. पुढे मंदिर बांधण्याची वेळ आली तेव्हा मात्र, तू फार रक्त सांडले आहेस, म्हणून त्याला नकार मिळाला.

आपल्या मातीत असे काही घडलेच नाही असे नाही. नोव्हेंबर १६६७ मध्ये शिवाजी महाराजांचे सैन्य पोर्तुगिजांच्या बारदेशात शिरले. कारण आजच्यासारखेच होते. कुडाळकडील बंडखोर देसाई पोर्तुगीज हद्दीत आश्रय घेत आणि तेथून महाराजांच्या मुलुखावर हल्ले करीत. शापोरा नदीच्या पलीकडचे कोलवाळ व आसपासची गावे त्या स्वारीत होरपळली. माणसे मारली गेली, त्यांत धर्मगुरूही होते. बायकामुले व गुरे धरून नेली गेली. बारदेशातील त्या गावकऱ्यांनी देसायांना बोलावले नव्हते. पण पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डिसेंबरातच तह झाला. धरलेली माणसे व गुरे खंडणी न घेता परत करण्याचे ठरले, आणि देसायांना आवरण्याची जबाबदारी पोर्तुगिजांनी घेतली. स्वारी तीन दिवसांची, पण तिला शेवट होता. तिचे कारणच कागदावर आणून मिटविण्याचा प्रयत्न झाला. अलीकडच्या हल्ल्यांविषयी आम्हांला जी खंत आहे ती हीच की त्यांना असा शेवट दिसत नाही.

उरीनंतर सीमेवरील पंजाबात दहा किलोमीटरपर्यंतची गावे रिकामी करविली गेली, शेतात भात कापणीला उभे असताना. पत्रादेवीच्या नाक्यापासून पेडण्याच्या बाजारापर्यंतचा मुलूख एवढ्यात सहज बसेल. आपल्याकडे तसे झाले तर काय होईल याची कल्पना करावी. त्याच २९ तारखेला धुळे जिल्ह्यातील एक तरुण जवान, जो त्या कारवाईत नव्हताच, चुकून रेषेपलीकडे गेला व पकडला गेला. ती बातमी ऐकून त्याच्या आजीने प्राण सोडला. जानेवारी २०१७ मध्ये तो परत आला, पण आजीला ते दिसले नाही. बरोबर दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, नगरोटा येथील तळावर हल्ला होऊन सात सैनिक गेले. त्यांतले दोघे पंढरपूर व नांदेडकडचे. मग पुलवामा, मग बालाकोट. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ निरपराध माणसे धर्म विचारून मारली गेली, मे महिन्यात आपण क्षेपणास्त्रे सोडली, आणि पलीकडून आलेल्या तोफगोळ्यांनी पूंछमधील ख्रिस्ती शाळेत शिकणारी दोन जुळी भावंडे मेली. अतिरेक्यांना रोखू नये असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक खेपेला ‘आता धडा शिकविला’ असे जे म्हटले जाते, ते म्हणणाऱ्याने लामेखाचे वचन उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात पाहावे. काइनासाठी सातपट, तर लामेखासाठी सत्याहत्तरपट. प्रभूने पेत्राला क्षमेचा जो हिशेब सांगितला तो याच हिशेबाला उलटा लावलेला आहे.

याच पत्रादेवीवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून चालत आले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिरंगा घेतलेल्या सहोद्राबाई राय जखमी झाल्या. तेव्हा कर्नैलसिंग बेनिपाल पुढे झाले व मारले गेले. त्या दिवशी गोव्याच्या सीमांवर वीसहून अधिक माणसे पडली. नंतर आझाद गोमंतक दलाच्या तरुणांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. बेतीच्या हल्ल्यात पकडलेल्या मोहन रानडे यांना १९६९ पर्यंत कैदेत राहावे लागले, तेही शेवटी पोर्तुगालमध्ये. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये सैन्याने. तेव्हा सत्याग्रहाने काय मिळविले असे विचारता येईल, आणि आम्हांपाशी त्याचे सोपे उत्तर नाही. स्मारकापाशी उभे राहिले की एवढेच दिसते की सीमा ओलांडण्याच्या दोन रीती एकाच भूमीने पाहिल्या आहेत, आणि आपण मुलांना त्यांतली एकच गोष्ट रंगवून सांगतो.

तिसरी रीत शास्त्रात आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अरामी सैन्य अलीशाला धरायला येते आणि स्वतःच शोमरोनात सापडते. राजा विचारतो, मारू काय? संदेष्टा म्हणतो, जेवू घाल. मोठी मेजवानी होते, त्यांना परत पाठविले जाते, आणि अरामी टोळ्या इस्राएलात येण्याचे बंद होते. ही गोष्ट शिकविताना शिक्षक बहुधा येथे थांबतात. थांबू नये, पुढच्याच ओवीत अरामाचा राजा सारे सैन्य घेऊन शोमरोनाला वेढा घालतो. मेजवानीने युद्ध कायमचे संपले नाही. काही काळ टोळ्या थांबल्या, काही आयांची मुले घरी राहिली, एवढे झाले. तेवढे आपल्या साऱ्या मोहिमांनी तरी कोठे साधले आहे?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गोव्यात ख्रिस्ती माणसाकडे कधीकधी ‘हे पोर्तुगिजांचे’ अशा नजरेने पाहिले जाते; आमच्यासारख्या मराठी बोलणाऱ्या लहान मंडळ्यांनाही त्याची झळ लागते. म्हणून अशा दिवसांत आपले लोक इतरांहून मोठ्याने घोषणा देतात. २०१९ च्या जानेवारीत उरीवरचा चित्रपट आला. त्यातली आरोळी शेवटच्या आजारात असलेल्या पर्रीकरांनी नाकात नळी असताना मांडवीच्या नव्या पुलावर दिली, तेव्हा आम्हीही हेलावलो. त्या माणसाच्या जिद्दीला नमस्कारच केला पाहिजे. पण आमच्या संडे स्कूलच्या नाताळ कार्यक्रमात मेंढपाळ झालेल्या मुलांनी तीच आरोळी ठोकली, आणि पालकांनी टाळ्या वाजविल्या. भीतीपोटी दिलेली घोषणा ही देशभक्ती नव्हे. ज्याला आपली निष्ठा रोज सिद्ध करावी लागते असे वाटते, तो राजसत्तेला खरी गोष्ट कधीच सांगू शकणार नाही.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या मंडळीत मध्यस्थीच्या प्रार्थनेवरून वाद झाला. जवानांसाठी, मृतांच्या कुटुंबांसाठी व पंतप्रधानांसाठी प्रार्थना करण्यास सर्वांची संमती होती. एका शिक्षिकेने, पलीकडच्या आयांसाठीही एक वाक्य असावे, असे सुचविले. एक वडील मंडळी, ज्यांचा पुतण्या तेव्हा जम्मूकडे तैनात होता, म्हणाले, “मला ते वाक्य म्हणता येणार नाही, पण तुम्ही म्हणा, मी उभा राहीन.” त्या रविवारी ते वाक्य म्हटले गेले, आणि ते उभे राहिले. आमेन त्यांनी म्हटले की नाही, हे आम्ही पाहिले नाही.