परतण्याचे वचन

आमच्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती पंडितांनी कशीही लावावी. मराठी कानाला 'परतवाडा' या शब्दात प्रथम 'परत' हेच ऐकू येते. याच गावात येऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने परत जाण्याचे आपले वचन मोडलेले आहे. ते मोडलेले आम्हांस पूर्णपणे ठाऊक असता, त्या कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाचे शील चांगले आहे असे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे की नाही, हा प्रश्न २०२४ च्या पावसाळ्यात आमच्यापुढे उभा राहिला.

हे गृहस्थ सिंधमधील घोटकीकडचे. २०११ साली ते सहकुटुंब लाहोर-अटारीच्या वाटेने हिंदुस्थानात आले, ते हरिद्वारच्या यात्रेचा व्हिसा घेऊन. यात्रेकरू परत जातो, या विश्वासावरच असा परवाना मिळतो. आणि आपण परत जाणार नाही हे तर निघण्यापूर्वीच ठरलेले होते. देशांतर म्हटले की आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे पेट्या, याद्या आणि निरोपसमारंभ येतात. येथे सारा व्यवहार उलटा होता. घर विकता येईना, कारण यात्रेपूर्वी घर विकणाऱ्याचा बेत गल्लीला न सांगताच कळतो. दुकान मालासह चुलतभावाच्या हवाली करून किल्ली त्याच्या हाती दिली. यात्रेकरूच्या गाठोड्यात शोभेल तेवढेच सामान बरोबर घेतले. मुलगा नववीत होता. परंतु शाळा सोडल्याचा दाखला मागणे म्हणजे शाळा सोडतो आहोत असे जाहीर करणे, म्हणून तो दाखलाही मागे राहिला आणि त्या बुद्धिमान मुलाचे शिक्षण तेथेच थांबले. आज तो बापाच्या कापडाच्या दुकानात गज धरून उभा असतो. खोट्याची किंमत कोणी दिली असेल तर प्रथम त्या मुलाने दिली, असे आम्हांस नेहमी वाटते.

दोन वर्षे नागपुरात जरीपटक्याला नातेवाइकांकडे काढून, रीतसर परवानगी घेऊन ते परतवाड्यास आले. दीर्घ मुदतीचा व्हिसा, त्याचे वेळोवेळी नूतनीकरण, पोलिसांकडील नोंद, दुसऱ्या गावी लग्नाला जायचे तरी पुन्हा अर्ज. २०१६ साली सरकारने बऱ्याच अडचणी दूर केल्या. बँकेत खाते उघडणे, राहण्यापुरते घर घेणे शक्य झाले. पण पासपोर्टची मुदत संपली, आणि तो नवा करून घ्यायचा तर ज्या देशातून निघून आलो त्याच्याच दिल्लीतील वकिलातीचे दार ठोठावणे आले! मार्च २०२४ मध्ये नागरिकत्वाचे नवे नियम निघाले. ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेल्यांच्या मुदत संपलेल्या कागदांनाही त्यांनी ग्राह्य मानले; वास्तव्याची अट तर २०१९ च्या कायद्यानेच अकरा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली होती. मात्र अर्जासोबत एका भारतीय नागरिकाचे, अर्जदाराच्या शीलाविषयीचे प्रतिज्ञापत्र लागते. त्यासाठी ते आमच्याकडे आले आणि खुर्चीत बसण्यापूर्वीच म्हणाले, "सर, एक गोष्ट आधी सांगतो, मग सही द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा." वर लिहिलेली हकीकत आम्हांस त्या वेळी प्रथम कळली.

आमची अडचण वाचकांच्या ध्यानात येईल. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली एका निबंधात असे प्रतिपादिले की, मित्राचा जीव घेण्यास आलेल्या मारेकऱ्यालाही खोटे सांगणे हा अधर्मच होय. तरुणपणी हे मत आम्ही वर्गात मोठ्या आवेशाने शिकवीत असू. महाभारताच्या कर्णपर्वात याच्या नेमकी उलट कथा आहे. कौशिक नावाच्या सत्यव्रती ब्राह्मणाने, पळून लपलेली माणसे कोणत्या वाटेने गेली ते दरोडेखोरांस खरेखरे सांगितले, आणि त्या सत्यापायी तो नरकात गेला. वय वाढले तशी आमची सहानुभूती कांटकडून व्यासांकडे सरकत गेली, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु कौशिकाच्या कथेनेही येथे पुरते भागत नाही. मागे तलवार घेऊन कोणी लागले होते काय, असे आम्ही स्पष्टच विचारले. ते म्हणाले, "मारले कोणी नाही, सर. पण मुलगी शाळेतून येईपर्यंत तिची आई दारात उभी असायची. रोज." ही भीती कोणत्या तराजूत तोलावी? शिवाय वचन मोडले ते कोणाशी? दरोडेखोरांशी नव्हे, ज्या देशाचे नागरिकत्व आज ते मागत आहेत, त्याच देशाशी. आणि अशा प्रत्येक खोट्याने खऱ्या यात्रेकरूचा परवाना अधिक दुर्मिळ होतो. घोटकीत राहिलेली एखादी म्हातारी गंगास्नानावाचून मरते, तिचा या हिशेबात काही वाटा आहे की नाही? या आक्षेपाला आमच्यापाशी समाधानकारक उत्तर नाही, आणि ते आहे असे दाखविण्याची आमची इच्छाही नाही.

तथापि दुसऱ्या बाजूने एक विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. आम्हां वऱ्हाडवासीयांस असले वचन कोणी कधी मागितले? १८५३ साली वऱ्हाड निजामाने कंपनीच्या हवाली केले. १९०३ मध्ये ते मध्यप्रांतास जोडले गेले. तरी नावापुरते स्वामित्व निजामाचेच, इतके की त्याचा युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवी. पुढे १९५० मध्ये आम्ही मध्य प्रदेशात गेलो, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. आमचे आजोबा अचलपूरच्या वाड्यातून मुक्कामाला म्हणून कधी हलले नाहीत. पण त्यांच्या पायांखालचे राज्य इतक्या वेळा बदलले, आणि एकदाही त्यांस शीलाचा दाखला द्यावा लागला नाही. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीतील १८५५ सालच्या सरकारी शाळेस आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आहे. सीमा माणसावरून सरकली तर तो इतिहास, आणि माणूस सीमेवरून सरकला तर तो गुन्हा, असे म्हणताना आपण सोयीस्कर न्याय करीत नाही काय? (या युक्तिवादाचा लाभ शेजारच्या देशातून अशाच भीतीने आलेल्या अहमदिया मुसलमानासही मिळाला पाहिजे. प्रस्तुत कायद्यात तो बसत नाही, आमच्या तर्कातून मात्र त्यास वगळता येत नाही.)

अर्जात आणखी एक घोषणा आहे: नागरिकत्व मिळताच पूर्वीच्या देशाचे नागरिकत्व कायमचे सोडले असे समजावे, त्यावर पुन्हा हक्क सांगणार नाही. त्यातील इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यांनी आम्हांस विचारला. "परत घेता येणार नाही असे," आम्ही सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. धाकटी बहीण तिकडेच आहे. तिचे काही बरेवाईट झाले तर उद्या पाकिस्तानचा व्हिसा मागावा लागेल, तोही परत येण्याचे वचन देऊन. हक्क सोडता येतो. बहीण सोडता येत नाही, आणि कायदाही तेवढे मागत नाही, असे आम्ही म्हटले. "भाषेची अट आहे ना, सर?" त्यांनी विषय बदलला. आठव्या अनुसूचीतील कोणतीही एक भाषा चालते, आणि सिंधी तीत १९६७ पासून आहे, हे ऐकून मात्र त्यांस हसू आले. भूमी तिकडे राहिली, भाषा इकडच्या घटनेत!

आम्ही सही केली. त्यांनी खोटे सांगितले नव्हते म्हणून नव्हे. जे खोटे कधीच उघडकीस आले नसते, ते सहीपूर्वी त्यांनी आपण होऊन आमच्या हाती दिले म्हणून. नोटरीने छापील नमुना पुढे ओढून विचारले, "ओळख किती वर्षांची?" आम्ही म्हणालो, "बारा."

"अकरा वर्षे आणि चार महिने," त्यांनी हलक्या आवाजात दुरुस्ती केली, आणि नोटरीने तसे लिहून घेतले.