शिकवणारे यंत्र आणि वर्गातला शिक्षक

फळ्यापुढे उभा राहून चाळीस-पन्नास मुलांना एकच धडा एकाच वेळी शिकवणारा शिक्षक हे शाळेचे चिरंतन चित्र वाटते, पण ते दोनशे वर्षांहून फारसे जुने नाही. पंतोजींच्या शाळेत या अर्थाने वर्गच नसे. देवळाच्या ओवरीत किंवा वाड्याच्या पडवीत लहानमोठी मुले एकत्र बसत. कोणी धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवी, कोणी पावकी-निमकीची उजळणी म्हणे, कोणी मोडीत पत्राचा मायना घोटी. एकाचे पुरे झाले की तो पुढे जाई, दुसऱ्यासाठी थांबून राहत नसे. वरच्या मुलाने खालच्याकडून घोकून घ्यावे आणि पंतोजींनी साऱ्यांवर नजर ठेवावी, अशी वाटणी होती. या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. छडी मुबलक होती, आणि मुलींना व बहुतेक जातींच्या मुलांना तिचे दार बंदच होते. तरीही ज्याने त्याने आपल्या गतीने शिकावे ही गोष्ट तिथे कोणी सिद्धान्त म्हणून न मांडता चालू होती.

मद्रासजवळच्या एग्मोर इथल्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि ती रीत उचलली. वरच्या मुलांना खालच्या मुलांवर नेमून त्यांनी कमी शिक्षकांत पुष्कळ मुले शिकवून दाखवली. त्यावरची त्यांची पुस्तिका १७९७ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी तशाच रचनेला जवळजवळ कारखान्याचे रूप दिले. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसू लागली.

पुढच्या काही दशकांत दोन साध्या वस्तूंनी शिक्षकाचे काम बदलले. एक फळा आणि दुसरे छापील क्रमिक पुस्तक. एडिंबरा हायस्कूलचे जेम्स पिलान्स एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भूगोल शिकवताना मोठा फळा वापरत. सगळ्यांना एकदम दिसेल असे लिहिता येऊ लागल्यावर सगळ्यांना एकदम शिकवता येऊ लागले. मुंबई इलाख्यात मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. या पुस्तकांनी कोणत्या इयत्तेत काय यायला हवे हे ठरवून टाकले. शिक्षक ज्ञानाचा मालक झाला नाही, उलट पुस्तकाचे वाटप करणारा झाला. ‘पोर्शन पुरा करणे’ हे त्याचे कर्तव्य ठरले आणि तो पुरा झाला की नाही हे पाहायला डेपुटी इन्स्पेक्टर घोड्यावरून येऊ लागले. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात मात्र शिक्षक कोणत्या समाजातून येतो आणि त्याला कसे तयार केले जाते हा प्रश्न धरला. साधनांच्या चर्चेत तो पुढे वारंवार हरवला.

शिक्षकाची व्याख्या ‘सांगणारा’ अशी एकदा झाली की त्याहून चांगले सांगणारे यंत्र शोधण्याचा मोह होणारच. १९१३ मध्ये टॉमस एडिसन यांनी चित्रपटामुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत केले. मग रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, आणि प्रत्येक वेळी तीच आशा नव्या नावाने आली. अमेरिकी शिक्षण-इतिहासकार लॅरी क्युबन यांनी १९८६ मध्ये हा सारा इतिहास मांडून दाखवला. आधी गाजावाजा, मग संशोधकांचे दाखले, मग वर्गात तुरळक वापर, आणि शेवटी शिक्षकच नवे शिकायला तयार नाहीत असा ठपका. यंत्राच्या सोयीने वर्ग बदलत नाही, वर्गाच्या सोयीने शिक्षक यंत्रातले हवे तेवढे उचलतो, हे त्यांचे निरीक्षण पुढेही खरे ठरत गेले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचा विचार मात्र निव्वळ गाजावाजाचा नव्हता. १९५३ मध्ये ते आपल्या मुलीच्या शाळेतला गणिताचा तास पाहायला गेले होते. आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना त्या क्षणी कळत नाही, आणि हुशार व मंद अशा सगळ्यांना एकाच चालीने चालावे लागते, या दोन गोष्टी त्यांना खटकल्या. त्यावर उपाय म्हणून त्यांनी धड्याचे बारीक तुकडे करणारे, प्रत्येक उत्तर लगेच तपासणारे यंत्र बनवले. दोष अचूक हेरला होता, पण तो शिक्षकाचा नसून फळ्याभोवती रचलेल्या वर्गाचा होता. यंत्र शिक्षकाची जागा घेणार नाही, तपासणीच्या हमालीतून त्याला सोडवील, असे स्किनर सांगत. यंत्रापुढे मुले लवकरच कंटाळली. शिवाय एकाच प्रश्नाचे चुकीचे उत्तर दहा मुले दहा कारणांनी देतात, आणि ते कारण शोधण्याची सोय त्या पेटीत नव्हती.

संगणकामुळे ही आशा पुन्हा उभी राहिली. स्टॅनफर्डचे पॅट्रिक सप्स यांनी १९६६ मध्ये असे चित्र रंगवले की ॲलेक्झांडरला ॲरिस्टॉटल लाभला तसा गुरू लवकरच लाखो मुलांना लाभेल. १९८४ मध्ये शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी जणू त्याचे मोजमापच दिले. एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असा त्यांचा दावा होता. पुढच्या अभ्यासांत फायदा दिसला, पण एवढा मोठा नाही. तरी तंत्रज्ञान विकणाऱ्यांच्या तोंडी ब्लूम यांचाच आकडा राहिला.

भारतात यंत्राचा विचार आला तो टंचाईतून. गती किंवा तपासणी हा इथला प्रश्न नव्हता, शिक्षकच पुरेसे नव्हते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्यात शाळकरी मुलांसाठी सकाळचे कार्यक्रम होते. महाराष्ट्र या सहांत नव्हता, पण पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम मराठी मुलांच्या एका पिढीच्या आठवणीत राहिले. २०१७ मध्ये ती बंद झाली. कार्यक्रमाची वेळ आणि शाळेचे वेळापत्रक यांचा मेळ बसवणे शिक्षकाकडे, संच चालू ठेवणे शिक्षकाकडे, कार्यक्रमानंतर मुलांशी बोलणेही शिक्षकाकडेच. कार्यक्रम काय असावा हे मात्र त्याला क्वचितच विचारले जाई.

शिक्षकाला पूर्ण वगळण्याचा प्रयोगही भारतातच झाला. १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवला. वस्तीतली मुले आपापली तो वापरायला शिकली. पण संगणक वापरता येणे म्हणजे शिकणे नव्हे, आणि दांडगी मुले संगणकाचा कब्जा घेतात तेव्हा मुलींच्या वाट्याला काय येते, असे आक्षेप अभ्यासकांनी घेतले. मित्रा यांच्या पुढच्या प्रयोगांत मुलांना शाबासकी देणारी, प्रश्न विचारणारी ‘आजी’ व्हिडिओ कॉलवर येऊ लागली. माणसाला वगळून निघालेला विचार असा माणसाकडे परतला, हा भाग कौतुकाच्या भाषणांत फारसा येत नाही.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत घडले ते याहून वेगळे आणि जास्त अर्थपूर्ण. गेल्या दशकात अनेक गावांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅबलेट घेतले. पुढाकार बहुधा शाळेतल्याच एखाद्या तरुण शिक्षकाचा. द्विशिक्षकी शाळेत दोघांना चार इयत्ता सांभाळायच्या असतात. तिसरी-चौथीच्या हाती टॅबलेट देऊन पहिलीजवळ बसता येणे हीच तिथे मोठी सोय. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून त्यामागे कविता, चित्रफिती, गृहपाठ ठेवले. पुढे हे कोड बालभारतीच्या पुस्तकांत आले, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. इथे शिक्षक पाठ्यसामग्रीचा कर्ता झाला होता. पण २०१७ पासून ‘दीक्षा’सारख्या मंचांवर तयार सामग्रीचा साठा वाढत गेला आणि बहुसंख्य शिक्षक पुन्हा वापरकर्ते झाले. कँडींच्या काळातली वाटणी नव्या पडद्यावर परतली.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि यंत्रावर सारे सोपवून पाहण्याची वेळ आली. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरांपैकी स्मार्टफोन असलेली घरे २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. तरीही फोन वडिलांसोबत शेतावर किंवा कामावर जाई, आणि घरात तीन भावंडे असत. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. कित्येक गावांत ते पारावर, अंगणात चार-पाच मुलांना घेऊन बसले. २०२२ च्या पाहणीत दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतल्या मुलांचे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. २०१८ मध्ये ते २७.३ होते. धडे पडद्यावर उपलब्ध होते. मूल कुठे अडले हे पाहणारे कोणी नव्हते.

एक बदल मात्र शिक्षण-तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत क्वचित सापडतो, आणि शिक्षकांच्या बोलण्यात तोच सर्वांत जास्त असतो. तंत्रज्ञान वर्गात आले त्यापेक्षा मोठ्या प्रमाणात कचेरीच्या वाटेने आले. ‘सरल’, ‘शालार्थ’, ‘यू-डायस प्लस’ या सरकारी ऑनलाइन प्रणाली, पोषण आहाराचे रोजचे आकडे, आधार पडताळणी, प्रशिक्षणाच्या लिंका, उपक्रमाचे फोटो आणि २०२३ पासून मोबाइलवरच्या चॅटबॉटमधून हजेरी. स्किनर यांच्या यंत्राने शिक्षकाला हमालीतून सोडवायचे होते, या यंत्रणेने त्याच्यावर नवी हमाली टाकली. पूर्वी डेपुटी वर्षाकाठी एकदा येत, आता विचारणा रोज, कधी कधी तासातासाला येते. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांच्या मोर्च्यांतली घोषणा यातून निघाली. माहिती गोळा करणे गैर नाही, गळती आणि अनुपस्थिती तिच्यावाचून कळत नाही. पण गोळा झालेल्या माहितीतून त्या शाळेला परत काय मिळते, याचे उत्तर बहुतेक शिक्षकांना मिळालेले नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. मागच्या यंत्रांत नसलेली एक गोष्ट त्यात होती, ते मुलाशी त्याच्या भाषेत संभाषण करते. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. मोकळे चॅटजीपीटी हाताशी असताना सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा हीच मुले ते कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. थेट उत्तर न देता खुणा देणारी दुसरी आवृत्ती वापरलेल्यांचे असे नुकसान बहुतांशी टळले. त्या आवृत्तीत काय सांगायचे, काय राखून ठेवायचे आणि मुले कुठे चुकतात याच्या सूचना शिक्षकांच्या मदतीने घातल्या होत्या.

चॅटजीपीटीसारख्या यंत्रांचा पहिला फटका गृहपाठाला बसला. निबंध, उतारे, शाब्दिक उदाहरणे घरून नीटनेटकी सोडवून येतात, पण ती कोणी सोडवली हे वहीवरून ठरवता येत नाही. त्यामुळे लिहून घेण्याचे काम पुन्हा तासात आणणे, उत्तर कसे काढले हे तोंडी विचारणे, कच्चे लिखाणही जमा करून घेणे, असे उपाय अनेक देशांतले शिक्षक करू लागले आहेत. यांतल्या प्रत्येकाला मुलामागे काही मिनिटे लागतात, आणि साठ मुलांच्या वर्गात ती मिनिटे पस्तीस मिनिटांच्या तासिकेतून काढावी लागतात.