पंधरा जणांमध्ये प्रसिद्ध

'व्हायरल' हा शब्द पूर्वी आपण फक्त तापाला लावत होतो. आता कोणाचा व्हिडिओ व्हायरल झाला म्हटले की घरातले सगळे मोबाईलभोवती जमतात. 'फॉलोअर', 'ट्रोल', 'रीलस्टार' हे शब्दही जेवणाच्या टेबलावर येऊन बसले आहेत. जाहिरातवाल्यांनी तर प्रसिद्धीला मापे लावली आहेत. साधारण हजार ते दहा हजार अनुयायी असले की माणूस 'नॅनो इन्फ्लुएन्सर'. आपल्या काही धर्मग्रामांची लोकसंख्याही तेवढीच असेल!

भविष्यात प्रत्येक जण पंधरा मिनिटांपुरता प्रसिद्ध होईल, असे वाक्य अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या नावावर सांगितले जाते. मोमस या स्कॉटिश गायकाने १९९१ साली ते फिरवले. प्रत्येक जण पंधरा माणसांमध्ये प्रसिद्ध होईल, असे त्याने लिहिले. त्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ नव्हते, पण झाले मात्र तसेच.

हा सगळा दिखाऊपणा आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांला ते पूर्णपणे पटत नाही. आपल्याकडे कोणीतरी पाहावे, ही भूक लहान मुलालाही असते. गावात लग्नाची गाणी म्हणणारी एखादी मावशी असते, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा कोणी असतो, नाताळचा गोठा सुरेख करणारा एखादा तरुण असतो. तेही प्रसिद्धच असतात, आणि त्यात कोणाला पाप दिसत नाही. फरक एवढाच की मावशीचा आवाज बसला तर तिला आल्याचा काढा आणून देणारे तेच लोक असतात. पडद्यावरच्या हजार जणांपैकी काढा कोण आणणार?

टिकटॉकचे दिवस आठवा. इंग्रजी येत नाही, चांगला कॅमेरा नाही, ओळखीपाळखी नाहीत, अशी कितीतरी माणसे तिथे नाचली, गायली. त्यांत शेतात राबणारे होते, बांधकामावरचे मजूर होते, चुलीपाशी बसलेल्या गृहिणी होत्या. भारतात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते असल्याचे सांगितले जात होते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकही गेले. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षिततेची होती, त्यांत आम्ही शिरत नाही. पण कोणी वर्षभर जमवलेले पाच-सहा हजार प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. काही जण दुसरीकडे गेले आणि त्यांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. काही जण गेलेच नाहीत.

त्या माणसांसाठी तरुणांनी एक शब्द रूढ केला: 'छपरी'. रंगवलेले केस, भडक शर्ट, उसन्या मोटारसायकलवर काढलेला फोटो, की झाला तो छपरी. छप्पर शाकारणाऱ्या छप्परबंद समाजाशी अनेक जण या शब्दाचा संबंध जोडतात. तो खरा असो वा नसो, शब्दाचा रोख गरिबीकडे आहे, हे ऐकणाऱ्याला कळते. श्रीमंताच्या मुलाने तेच केस रंगवले तर ती फॅशन ठरते.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू खुनाबद्दल बोलता बोलता एकदम शिवीवर येतो. 'राका' हा त्या काळच्या बोलीतला शब्द. अर्थ साधारण 'रिकाम्या डोक्याचा' असा. बाजारात सहज तोंडी येणारा तो शब्द त्याने न्यायासनासमोर नेऊन उभा केला. लहानपणी आम्हांला हे जरा अतीच वाटत असे.

गेल्या पावसाळ्यात एका बारशाच्या जेवणानंतर मोबाईल हातोहात फिरत होता. चिखलात, भाताच्या आव्यांशेजारी एक मुलगा मन लावून नाचत होता. आम्ही पोट धरून हसलो. कोणीतरी 'तो' शब्द उच्चारला, आम्ही आणखी हसलो आणि व्हिडिओ पुढे पाठवला. कोपऱ्यात बसलेल्या एका आजीने विचारले, "पोर कोणाचं आहे रे?"

कोणालाच सांगता येईना. नाव व्हिडिओवरच लिहिलेले होते, खाली, बारीक अक्षरांत. तोपर्यंत आमच्यापैकी एकानेही ते वाचले नव्हते.