नाकारलेल्या ज्ञानाचा इतिहास

हर्मेटिक तत्त्वज्ञान, किमया, फलज्योतिष, ख्रिस्ती कब्बाला, थिऑसफी या साऱ्यांना आज ‘पाश्चात्त्य गूढविद्या’ असे एकच नाव आहे. ही मोट उशिरा बांधली गेली. प्रबोधनकाळातल्या अनेक विद्वानांच्या लेखी किमया हा निसर्गाच्याच अभ्यासाचा भाग होता. १४६३ मध्ये फ्लॉरेन्सच्या कोसिमो द मेदिचीने मार्सिलिओ फिचिनोला प्लेटो बाजूला ठेवून आधी दंतकथेतल्या हर्मिस ऋषीच्या नावावरचे ग्रीक ग्रंथ लॅटिनमध्ये आणायला सांगितले, कारण ते अतिप्राचीन मानले जात. १६१४ मध्ये इझाक कॅसोबाँने भाषेच्या पुराव्यावरून ते ख्रिस्तोत्तर काळातले ठरवले.

न्यूटनने किमयेवर लाखो शब्द लिहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात केंब्रिज विद्यापीठाने त्याचे गणित-विज्ञानाचे कागद ठेवून घेतले आणि किमयेचे वारसांकडे परत पाठवले. १९३६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. ही विभागणी न्यूटनची नव्हे, नंतरच्यांची.

नेमकी हीच विभागणी गूढविद्येच्या अभ्यासाचा खरा विषय आहे. फ्रान्सिस येट्स यांच्या १९६४ च्या जिओर्दानो ब्रूनोवरील ग्रंथाने हर्मेटिक परंपरेकडे इतिहासकारांचे लक्ष वेधले. पॅरिसमध्ये आंत्वान फेव्र यांनी गूढविद्येची लक्षणे मांडली: सृष्टीच्या सर्व स्तरांतील अनुबंध, सजीव निसर्ग, कल्पनाशक्ती, साधकाचे रूपांतर. ही चौकट मुख्यतः प्रबोधनकाळाच्या मापाने बेतलेली असल्याने इतर काळांना ती तोकडी पडते. १९९९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात या विषयाचे अध्यासन मिळालेल्या वाउटर हानेग्राफ यांनी प्रश्नच फिरवला. त्यांच्या मते गूढविद्या म्हणजे नाकारलेले ज्ञान: आधी प्रोटेस्टंट पंडितांनी मूर्तिपूजकांचा वारसा म्हणून आणि मग ज्ञानोदयाच्या विचारवंतांनी अंधश्रद्धा म्हणून बाहेर काढलेले.

अभ्यासकाने मग गूढविद्येच्या दाव्यांवर विश्वास ठेवावा की ते खोडून काढावेत? दोन्ही नको, असे या शाखेचे उत्तर आहे. उदाहरणार्थ, एखाद्या साधकाशी देवदूत खरोखर बोलले का, हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. ते बोलले असे मानणाऱ्याने काय लिहिले, हे ठरवता येते. ही तटस्थता सोपी नाही, पण तिच्यावाचून न्यूटनचे दोन गठ्ठे पुन्हा एकत्र वाचता येणार नाहीत.

‘पाश्चात्त्य’ या विशेषणावर अजूनही वाद आहे, कारण या परंपरेत पूर्वेकडच्या कल्पनाही मिसळल्या आहेत. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईला आले आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक त्याच वर्षी तिथून निघाले. कर्म आणि पुनर्जन्म या कल्पना थिऑसफीमार्फत युरोप-अमेरिकेतल्या गूढविद्येत घट्ट रुजल्या.