पुदिना, शेप आणि जिरे

मनन : मत्तय २३:२३



आपण जबलपुरास असा, बडोद्यास असा की हैदराबादेस, आपल्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असणारच. त्यात मोहरी, जिरे, हळद, हिंग, मेथीदाणे. शेजारच्या बरणीत गोडा मसाला, आणि घराणे वसईकडचे असेल तर बाटलीत भरलेला मसाला. गाव सुटते, बोलण्यात परप्रांतीचे शब्द शिरतात, परंतु आमटीच्या फोडणीचा वास पिढ्यान्‌पिढ्या सोबत येतो. ह्या डब्यातील जिरे आपल्या प्रभूच्या मुखी आले आहे, आणि तेही शास्त्री व परुशी ह्यांस त्याने मंदिरात कठोर शब्दांनी दोष लावला त्या प्रसंगी.

ते लोक पुदिना, शेप व जिरे ह्यांचा दशांश देत असत. अनुवाद १४:२३ मध्ये धान्य, द्राक्षारस व तेल ह्यांची नावे आहेत. मसाल्याच्या पाल्याची व दाण्यांची नाहीत. ती भर पुढे गुरुजनांनी घातली. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात शेपूविषयी वाद नोंदलेला आहे : दशांश केवळ दाण्यांचा द्यावा की पाल्याचा व शेंगांचाही? रब्बी एलिएजर म्हणत, तिन्हींचा. इतरांस ते मान्य नव्हते. वाचकहो, ह्यावर हसू नका. भांड्यात पडणारी चिमूटही देवाची आहे, असे मानणारे ते लोक होते. प्रभूही हसला नाही. त्याही गोष्टी सोडायच्या नव्हत्या, असे तो स्पष्ट सांगतो. वचनाचा हा अर्धा भाग आपले उपदेशक बहुधा गाळतात. तरुणपणी मीही गाळीत असे.

आता माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची भाषांतर समिती एका गावी अकरा दिवस बसली होती. ह्याच वचनातील ‘अनेथॉन’ ह्या ग्रीक शब्दापाशी आमचे गाडे अडले. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने तेथे वेगळ्याच वनस्पतीचे नाव घातले होते; खरी वनस्पती शेपू, ह्याविषयी विद्वानांत शंका नाही. परंतु मराठीत काय लिहावे? एक म्हणे बडीशेप, दुसरा म्हणे शेपू. तिसऱ्याचा आक्षेप असा की, दशांश दाण्यांचा असेल तर पालेभाजीचे नाव कसे चालेल? तीन बैठका ह्यात गेल्या. अखेरीस आम्हांस जेवण वाढणारी बाई वाटी खाली ठेवून म्हणाली, “अहो साहेब, बाळंतिणीला जेवल्यावर चावायला देतात ती बाळंतशेप. शेपूचाच दाणा तो. बडीशेप निराळी.” वाद तेथेच मिटला. तिचा शब्द आम्ही तळटीपेत घेतला.

शेवटच्या सायंकाळी ती दाराशी येऊन उभी राहिली. तिची अकरा दिवसांची मजुरी राहिली होती. हिशेब पाहणारे बंधू त्या दिवशी गावी नव्हते. “पुढल्या महिन्यात मनिऑर्डरने पाठवू,” असे तिला सांगणारा मीच होतो. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये, हे लेवीय १९:१३ मधील वचन आदल्याच वर्षी मी स्वहस्ते तपासून दिले होते.

प्रभू ज्यांस नियमशास्त्रातील भारी गोष्टी म्हणतो त्या तीन : न्याय, दया व विश्वास. ह्या तिसऱ्या शब्दाचा अर्थ येथे इमान, म्हणजे दिल्या शब्दाला जागणे, असा घ्यावा असे माझे मत आहे. ‘सोडणे’ ह्या अर्थाचे एकच क्रियापद ह्या वचनात दोनदा येते : भारी गोष्टी तुम्ही सोडल्या, आणि लहानही सोडायच्या नव्हत्या. हेच क्रियापद शुभवर्तमानांत पापांची क्षमा करणे ह्या अर्थानेही येते. माझ्यासारख्याच्या दृष्टीने हे बरेच झाले. आपणही दशांशाचे पाकीट रुपयापर्यंत मोजून उपासनेस नेतो. त्याच घरात भांडी घासणाऱ्या बाईचा, लेकरू तापाने फणफणले म्हणून बुडलेला दिवस पगारातून कापला जातो काय? मीठ किंचित कमी पडले म्हणून ताट सरकवणारा गृहस्थ, मीठ घालणाऱ्या हाताची काय विचारपूस करतो?

दीड महिन्याने त्या पानाची मुद्रिते तपासताना तळटीपेशी माझी नजर थांबली. मनिऑर्डर गेली काय, असे मी हिशेबनिसांस विचारले. गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने मी त्या गावी गेलो. बाई ओसरीवर तांदूळ निवडीत बसली होती. विलंबाबद्दल मी क्षमा मागितली. तिने नोटा दोनदा मोजल्या, पदरात बांधल्या आणि विचारले, “साहेब, त्या शेपेचं काय झालं? लिहिलंत का?”

“लिहिलं,” मी म्हणालो.