भाड्याचे तट्टू

माणसाच्या कृतघ्नतेचे जे पुरावे मराठी भाषेत शिल्लक आहेत, त्यांत 'भाड्याचे तट्टू' या शब्दप्रयोगाची गणना करावी असे अलीकडे मला वाटू लागले आहे. मात्र त्यास जे निमित्त घडले ते इतके किरकोळ आहे, की सांगताना थोडा संकोच होतो. दिवाळी उरकली म्हणजे चार दिवस माथेरानला जाऊन राहावे, असा माझा आणि माझ्या एका स्नेह्यांचा जुना शिरस्ता आहे. स्नेही महसूल खात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले; गृहस्थ सज्जन, परंतु जगातील यच्चयावत् व्यवहार जमा आणि खर्च या दोन सदरांत बसतो अशी त्यांची अढळ श्रद्धा. एका पहाटे फिरावयास निघालो असता बाजारामागच्या तबेल्यापाशी एक घोडेवाला तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवीत बसलेला दिसला. स्वतःच्या स्नानाची सिद्धता चालली असेल असे मला वाटले. परंतु त्याने ते पाणी बादलीत ओतले, त्यात थंड पाणी मिसळले, कोपर बुडवून पाहिले आणि बादली घोडीपुढे ठेवली.

"घोडी तुमची का?" मी विचारले.

"मालकाची, साहेब. मी पगारावर."

चार पावले पुढे गेल्यावर स्नेही म्हणाले, "मालक कुठून तरी बघत असणार. एरवी भाड्याचं तट्टू कशाला सरपण जाळतंय!" हे ते माणसाविषयी बोलले, घोडीविषयी नव्हे.

माथेरानला मोटारींना मज्जाव आहे, दस्तुरी नाक्यापासून पुढे पुष्कळ माणसे आपल्या पायांनी किंवा घोड्याच्या पायांनी जातात, आणि 1907 साली सुरू झालेली ती चिमुकली आगगाडी पावसाळ्यात नेरळहून वर येत नाही, हे सर्व वाचकांस ठाऊक आहे. मला त्या बादलीविषयी बोलावयाचे आहे. घोडी गारठली असेल, म्हणून तिला ऊन पाणी, अशी मी मनाशी त्या कृतीची उपपत्ती लाविली होती. परत येताना घोडेवाल्याने ती एका वाक्यात खोडून काढली. "थंडी तिला कसली? पण गार पाणी ती कमी पिते. पाणी कमी आणि गवत सुकं, मग पोट धरतं." मोठा घोडा दिवसाकाठी पंचवीस ते पन्नास लिटर पाणी पितो. पावसाळ्यातील हिरवा चारा जाऊन कापणीचे वाळके गवत पुढ्यात आले, की चाऱ्यातून मिळणारे पाणी तुटते. नेमक्या त्याच दिवसांत हवेतील गारव्याने तहान मंदावते, आणि आतड्यात चोथा घट्ट बसून पोटशूळ उठतो. घोड्यास ओकता येत नाही, ही सृष्टीने त्याच्याशी केलेली एक चेष्टाच म्हटली पाहिजे. त्यामुळे आत गेलेल्याचा निकाल एकाच वाटेने लागावा लागतो, आणि ती वाट बंद झाली तर प्राणावर बेतते. म्हणून ऊन पाणी, म्हणून चंदीत चिमूटभर मीठ, आणि म्हणूनच गारठा वाढला की दाण्यापेक्षा गवत अधिक; कारण गवत मोठ्या आतड्यात आंबताना जी ऊब निर्माण होते, ती दाण्याने होत नाही. शेगडी पोटातच आहे. तिला सरपण तेवढे पुरवावयाचे.

येथे मला माझ्या आवडीचा एक भेद पुन्हा मांडू द्यावा. कणव आणि निगा या दोन वस्तू आपण एकीच्या जागी दुसरी खपवितो. मला थंडी वाजते, तेव्हा घोड्यासही वाजत असणार, असे समजून त्याच्या पाठीवर कांबळे टाकणे ही कणव झाली. तीत घोडा कोठेच नसतो, मीच असतो. वास्तविक घोड्याच्या अंगावरील हिवाळी केस थंडी पडल्यावर येत नाहीत. दक्षिणायन लागून दिवस लहान होऊ लागले की त्याच्या देहाला उजेडाच्या घटीवरून वर्दी पोचते, आणि आपण छत्र्या शोधीत असतो त्या दिवसांत तो थंडीची तजवीज आरंभितो. आपल्याकडे वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात अंतर ते किती? सुमारे सव्वादोन तासांचे. तेवढ्यावरूनही तो ओळखतो. हे केस उभे राहून त्यांत हवा कोंडली जाते, आणि असा कोरडा, पोटभर खाल्लेला घोडा शून्याखालच्या थंडीतही स्वस्थ उभा राहतो. माथेरानच्या गारठ्याची त्यास काय मातब्बरी! कांबळ्याने मात्र तेच केस चेपले जातात. त्याचे खरे वैर ओलीशी. घामाने भिजलेले केस अंगाला चिकटले आणि वरून सायंकाळचे वारे लागले, की तो सारा बंदोबस्त फुकट जातो. म्हणून जाणता माणूस कामावरून आलेल्या घोड्यास प्रथम सावकाश फिरवितो, गवताच्या बोळ्याने चोळून कोरडा करितो, केस वाळल्यावर खरारा फिरवितो आणि कानांची मुळे हाताने चाचपून पाहतो. यास निगा म्हणावे. हा शब्द फारसीतून आला, आणि तेथे त्याचा अर्थ नजर, पाहणे, एवढाच आहे. कणवेला डोळे मिटूनही भागते.

स्नेह्यांना हा भेद मान्य झाला. त्यांनी फक्त त्याच्यावर मालकीचा शिक्का मारला. पाहील कोण? तर ज्याचे आहे तो. पगारी नोकर पाहतो ते घड्याळाकडे! मी त्यांना इतिहासात ओढले, आणि हे कबूल करतो की ते माझ्या सोयीचे रणांगण होते. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. आमच्या शिरस्तेदारांच्या न्यायाने शिवछत्रपतींनी शिलेदारांवरच भिस्त ठेवावयास हवी होती; त्यांनी जोर दिला तो पागेवर. घोडा स्वतःचा असला की ऐन प्रसंगी त्याला जपण्याची बुद्धी होते. बारगिराच्या पाठीशी मात्र सरकारची व्यवस्था असे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद, असे सभासदाची बखर सांगते.

जाता जाता एक गोष्ट, विषयाला थोडी सोडून. यूरोपातील जुनी सैन्ये हिवाळा आला की तळ ठोकून बसत; आमच्याकडे छावणी पावसाळ्याची, आणि हिवाळ्याच्या तोंडावर दसऱ्याला घोडे पुजून सैन्य सीमोल्लंघनास निघे. तेथे ज्या ऋतूत घोडा विसावतो, त्याच ऋतूत आमचा घोडा कामाला जुंपला जातो. लढाया संपल्या, पण वेळापत्रक तेच राहिले. माथेरानची कितीतरी घोडी पावसाळा डोंगराखाली काढतात आणि दिवाळीच्या गर्दीला वर चढतात. नवे केस अंगावर पुरते येत असतात त्याच आठवड्यांत त्यांना दिवसभर घाम फुटतो, ही अडचण थंड मुलखातील अश्वशास्त्रावरच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही.

परंतु मी वाद जिंकला असे मानून स्वस्थ बसलो असताना, ज्या पत्राचा मी पुरावा म्हणून उपयोग करणार होतो तेच माझ्यावर उलटले. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांस महाराजांनी लिहिलेले ते प्रसिद्ध पत्र. दाणा आणि गवत बेताने वापरा. आताच उधळलेत तर भर पावसात मिळणार नाही, घोडी उपासाने मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेकडे हात पसराल. पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. या पत्रात घोड्यांवर माया करा असे कोठे म्हटलेले नाही. त्यात आहे तो हिशेब, आणि हिशेबासोबत दिलेला अखत्यार. कोठी हवालदाराच्या ताब्यात होती, म्हणूनच मेलेल्या घोड्याचा जाब त्याला विचारता येत होता.

शेवटच्या संध्याकाळी दिवे लागणीच्या सुमारास आम्ही बाजारात उभे होतो. तीच घोडी नुकतीच पॉइंटावरून परतली होती; छाती आणि काखा घामाने काळवंडलेल्या, वर तांबड्या मातीचा थर. घोडेवाल्याने खोगिराचा पट्टा सैल केला होता, इतक्यात एक कुटुंब आले आणि त्यांच्या मुलाने घोड्याचा हट्ट धरला. घोडेवाल्याने घोडीकडे पाहिले. मी शपथेवर सांगतो, त्या पाहण्यात काही उणे नव्हते. मग त्याने ओट्यावर बसलेल्या मालकाकडे पाहिले. मालकाने मान हलविली, आणि पट्टा पुन्हा आवळला गेला. स्नेही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हा मालकीने फरक पडतो, हे मला मान्य करणे भाग आहे. फक्त तो स्नेह्यांनी सांगितलेल्या ठिकाणी पडत नाही. पगारी माणसाची नजर उणी नसते, त्याची जीभ बांधलेली असते. आज ही घोडी पुरे, हे त्याला मालकाच्या आधी कळते. ते म्हणण्याचा अखत्यार तेवढा त्याच्यापाशी नाही. निगा म्हणजे पाहणे, अशी व्युत्पत्ती सांगून मी जी इमारत उभारली होती तिला हा दरवाजा ठेवावयाचा राहून गेला होता. मालकाला नाही म्हणता येते, पण तो ओट्यावर असतो. तिसरा अखत्यार मात्र त्या संध्याकाळी त्या कुटुंबाकडे होता, आणि त्याची त्यांना कल्पनाही नव्हती. मीही इतक्या वर्षांत दिवे लागल्यावर कितीदा घोडा मागितला असेन, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

यंदा थंडीत माथेरानला जाणार असाल तर एवढेच करा: घोडा सकाळी घ्या. आणि सायंकाळी एखाद्या घोड्याचा पट्टा सैल झालेला दिसला, तर त्याचे भाडे विचारू नका.