दान कोणाचे, पुण्य कोणाचे?

सातपुड्यात अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेले की मोलगी लागते. तेथील माळकरी मंडळींनी बोलावले म्हणून ज्येष्ठ महिन्यात आम्ही एका सप्ताहाला गेलो होतो. काल्याच्या दिवशी भिल्ल समाजातल्या एक बाई डोक्यावर गाठोडे घेऊन आल्या. गाठोड्यात आमचूर होता. वैशाखात कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करून उन्हात वाळवायच्या आणि मोलगीच्या बाजारात नेऊन विकायच्या, हा तिकडे घरोघरचा उद्योग. आणि त्यातले बहुतेक काम बायकांच्या हातचे. बाईंनी गाठोडे पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "वारीतल्या अन्नदानाला घ्या. पण वहीत नाव लिहू नका. घरात विचारलं नाही." जाता जाता थबकल्या आणि त्यांनी विचारले, "महाराज, हे मी दिलं. मग पुण्य मला लागतं, का घरच्या मालकाला?"

आम्ही हसून म्हणालो, "माउली, देवाघरी असा हिशेब नसतो." मंडळी हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. मान लववून निघून गेल्या. ते उत्तर तेव्हा आम्हाला मोठे शहाणपणाचे वाटले होते. पुढे वाटेत ते टोचू लागले, कारण पुरुष दात्याने पावती मागितली तर आम्ही त्याला असे कधी म्हटले नाही. त्याचे नाव, गाव आणि रक्कम वहीत बिनचूक लिहितो. मग हिशेब नसतो तो बाईचाच का?

वाचकहो, प्रश्न पुण्याचा दिसला तरी मुळात तो स्वामित्वाचा आहे. दान म्हणजे वस्तूवरचा आपला हक्क सोडून तो दुसऱ्याला देणे. यज्ञात आहुती टाकताना यजमान 'न मम' म्हणतो. पण जे कधी माझे नव्हतेच, ते 'माझे नाही' म्हणून मी सोडणार कसे? रिकामी मूठ उघडली तर त्यातून काय पडणार? तेव्हा लग्न झालेल्या बाईला 'हे माझे' म्हणण्याचा अधिकार पूर्वी किती होता, हे आधी पाहिले पाहिजे.

मनुस्मृतीने पत्नी, पुत्र आणि दास या तिघांना निर्धन ठरवले; त्यांनी मिळवलेले धन ज्याचे ते, त्याचे. त्याच स्मृतीने सहा प्रकारचे स्त्रीधनही मान्य केले. माहेरच्यांनी दिलेले, लग्नात अग्नीसमोर मिळालेले, नवऱ्याने प्रेमाने दिलेले, असे ते धन. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर तर पुष्कळ पुढे गेले. वारशाने, खरेदीने, वाटणीने आलेलेही त्यांनी स्त्रीधनात घातले. शास्त्रात सगळा अंधारच होता असे म्हणणे खोटे होईल. परंतु कात्यायनाचे एक वचन असे आहे की बाईने आपल्या कसबाने मिळवलेले आणि परक्याने प्रीतीने दिलेले, या दोहोंवर स्वामित्व नवऱ्याचे. म्हणजे भावाने दिलेली चोळी तिची, पण उन्हात बसून तिने वाळवलेला आमचूर तिचा नव्हे! दुसऱ्याने दिले ते धन झाले, आणि स्वतःच्या घामाचे तेवढे परके राहिले. हे आम्हाला कोड्यासारखे वाटते.

हा दोष आपल्याच देशाचा होता असे कोणी समजू नये. इंग्लंडातही लग्न झालेल्या बाईची मजुरी १८७० पर्यंत कायद्याने नवऱ्याचीच होती. त्या साली तेथे कायदा बदलला. हिंदुस्थानात १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आला आणि बायकोची कमाई तिची स्वतःची ठरली. पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन बायकांना त्यातून वगळले होते. मग राहिले कोण? थोडक्यांचाच संसार.

विधवेची गोष्ट आणखी विचार करण्याजोगी आहे. नवऱ्यामागे जमीन तिच्याकडे आली तरी ती हयातीपुरती; तिच्यामागे जमीन नवऱ्याच्या वारसांकडे जायची. आपल्या मुंबई इलाख्यात तर असा भेद होता की घरात जन्मलेल्या मुलीला बापाचा वारसा आला तर ती पूर्ण मालकीण, आणि लग्न करून घरात आलेल्या बाईला आला तर ती मर्यादित. नवऱ्याच्या परलोकासाठी विधवा त्या जमिनीचा थोडा भाग विकू किंवा दान करू शकत असे. स्वतःच्या परलोकासाठी दिलेले दान मात्र वारसांना बांधत नसे. तिच्यामागे ते मोडता येई. नवऱ्याच्या गतीला जमीन चालत होती, तिच्या गतीला चालत नव्हती! मोलगीच्या बाईंनी जे विचारले, ते शंभर वर्षांपूर्वी न्यायाधीशांनाही विचारावे लागत होते, आणि उत्तर बाईच्या विरुद्ध जात होते.

१९३७ साली विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात वाटा मिळाला, पण तोही हयातीपुरताच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहितेसाठी जिवाचे रान केले आणि ती अडवली गेली तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडले. अखेर १९५६ च्या वारसा कायद्याने बाईजवळच्या संपत्तीची तिला पूर्ण मालकीण केले. त्यात वारसा, भेट, खरेदी यांच्याबरोबर स्वतःच्या कौशल्याने आणि कष्टाने मिळवलेलेही स्पष्ट घातले आहे. कात्यायनाच्या वचनाला इतक्या शतकांनी मिळालेले हे उत्तर होय.

पण हे उत्तर घाट चढून मोलगीला पोचले नाही. अनुसूचित जमातींना तो कायदा लागू नाही. तेथे चालते ती रूढी. तिकडे लग्नात मुलाकडून मुलीच्या बापाला देज देतात. मुलगी ओझे नाही, तिच्या हातांना मोल आहे, असा त्याचा चांगला अर्थ लावता येईल. 'देज देऊन आणली, आता तिचे कष्ट आमचे' असा वाईटही लावता येतो. अलीकडे दोन गोष्टी बऱ्या झाल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायला सांगितले. आणि जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ बाई म्हणून तिच्या वारसांचा वाटा नाकारता येत नाही. तरी कायद्याचा हात जमिनीपर्यंत पोचतो. आमचुराच्या गाठोड्यापर्यंत तो कधी पोचायचा? तेथे घरानेच न्याय केला पाहिजे.

आता कोणी वारकरी विचारील, "अहो, संतांनी तर माझे-तुझे सोडायला सांगितले. तुम्ही बायकांना 'माझे' म्हणायला शिकवता काय?" शंका रास्त आहे. तुकोबारायांचेच चरित्र पाहा. कर्जखते इंद्रायणीत बुडवायची ठरली तेव्हा त्यांनी अर्धी खते भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली, असे परंपरा सांगते. केवढा हा विवेक! वैराग्य माझे, म्हणून भावाचा हिस्सा बुडवण्याचा मला अधिकार नाही. पण त्याच परंपरेत जिजाबाईंचे लुगडे गरिबाला देऊन टाकल्याचीही गोष्ट आहे. कीर्तनात ती सांगताना आम्ही दात्याचा जयजयकार करतो आणि जिजाबाईंच्या रागाला श्रोत्यांकडून हशा मिळवतो. लुगडे कोणाचे होते, हे आम्ही आजवर एकदाही विचारले नाही. तुकोबांच्या थोरवीला यात उणेपणा नाही. उणेपणा आमच्या सांगण्याला आहे. भावाला जो न्याय, तो बायकोला का नको?

सोडणे ही धन्याची गोष्ट आहे. दुसऱ्याचे काढून घ्यायचे आणि त्याला वैराग्य शिकवायचे, याला परमार्थ म्हणत नाहीत. आपल्याकडे बायको नवऱ्याला 'मालक' म्हणते. तो लाडाचा शब्द असेल तर असो, पण सातबाऱ्यावरही तोच एकटा मालक असावा हे काही लाडाचे नव्हे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. त्यांना कोर्टाने सांगितले नव्हते. गळ्यात माळ घालणाऱ्याने तेवढे करायला कोणाची वाट पाहावी?

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. लुगड्याच्या गोष्टीवर हशा मागायचा नाही. आणि अन्नदानाच्या वहीत बाईने दिलेले बाईच्या नावावर लिहायचे. तिने नको म्हटले तर 'एक माउली' असे लिहायचे, पण घरच्या पुरुषाच्या नावावर चढवायचे नाही.

आणि मोलगीच्या माउली, त्या दिवशी आम्ही उत्तर चुकवले. आज देतो. कैऱ्या तुम्ही उतरवल्या, ऊन तुम्ही सोसले, गाठोडे तुम्ही वाहिले. आमचूर तुमचा होता; म्हणून दान तुमचे आणि पुण्यही तुमचेच. घरच्यांना त्यात वाटा हवा असेल तर पुढल्या वर्षी त्यांनी तुमच्याबरोबर घाट उतरून वारीला यावे.

रामकृष्णहरि.